तळ्याला उजवी घालून

१३ मे, मंगळवार

मोज्यांच्या प्रश्नावर आज घरात माझा संपूर्ण पराभव झाला. शनिवारी फिरायला जाताना पँट मोज्यांत खोचायची, असा शोभनाचा हुकूम. गवतात टिक असतात — अंगाला चिकटून रक्त पिणारे, रोग पसरवणारे बारीक किडे — मान्य. पण संस्कृतात एम. ए. झालेल्या माणसानं चारचौघांत असं हिंडावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

"लाइम डिसीजच्या," ती म्हणाली. "आणि पंडितजी, तिथं तुम्हाला बघायला येणारंय कोण? बदकं?"

फिरणं तिच्यासाठीच आहे. फेब्रुवारीत गुडघा बदलला. फिजिओवाली मुलगी म्हणते, आता मैल-दीड मैल चाला. उल्हासनं शेजारधर्म म्हणून जवळचं अभयारण्य सुचवलं. "ईझी लूप आहे यार, लोक म्हाताऱ्या आयांना घेऊन जातात." शोभनानं त्याला चहा दिला. बिनसाखरेचा.

१४ मे, बुधवार

माझी स्ट्रेस टेस्ट कॅन्सल केली. जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरबाईंना मला छातीला तारा लावून ट्रेडमिलवर चालवायचंय. म्हटलं, आधी गुडघा मार्गी लागू दे. घरात एका वेळी एकच पेशंट असावा. शोभनाला "तारीख पुढे गेली" एवढंच सांगितलं. गेली हे खरंच आहे. ढकलली कोणी, ते तिनं विचारलं नाही.

१७ मे, शनिवार

मोजे खोचले. बदकं होती. हसली नाहीत.

आमच्या श्रूजबरीहून वीस मिनिटांवर असं काही आहे, हे अमेरिकेत इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं! मधोमध तळं, भोवती वाट. निळ्या खुणा गाडीपासून दूर नेतात, पिवळ्या परत आणतात. पण निळ्या खुणा उजवीकडे वळतात — म्हणजे तळं सबंध वाटभर डाव्या हाताला. ही कसली प्रदक्षिणा? मी डावीकडे वळलो. शोभनानं सुस्कारा सोडला आणि मागून आली.

दुर्बीणवाले एक गोरे आजोबा समोरून आले. आम्ही उलटे चाललोय, म्हणाले.

"ही इज व्हेरी रिलिजस," शोभना म्हणाली. आजोबांनी आदरानं वाट दिली.

एके काळी इथं मैलभर जाडीचा बर्फ होता म्हणे. जाता जाता त्याचा एक डोंगराएवढा तुकडा मातीत पुरून राहिला, सावकाश वितळला, तिथं खळगा पडला. तेच हे तळं. पुढे घराएवढा धोंडा, बर्फानंच उत्तरेकडून आणून टाकलेला. दुरून आला, इथलाच झाला — यावर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात चार कविता सहज होतील. मी शोभनाला त्याच्या सावलीत बसवलं आणि विषय टाळला.

बाक आला की मी म्हणायचो, "बस, गुडघ्याला विश्रांती." बोर्ड आला की उभं राहून सगळा वाचून दाखवायचो, भाषांतरासकट.

"इतक्या प्रेमानं तुम्ही आपली लग्नपत्रिकासुद्धा वाचली नव्हती."

"तिच्यात माहिती कमी होती."

अर्ध्यावर तिनं विचारलं, परत फिरायचं का? गोल वाटेवर अर्ध्यावरून परतणं आणि पुढे जाणं सारखंच. पुढे गेलो.

उलटं जाण्याचा दोष शेवटी कळला. बर्फाखालून वाहणाऱ्या नदीनं वाळू-खडे साठवून एक लांब उंच बांध घातलाय, एस्कर म्हणतात त्याला. आजोबांच्या दिशेनं तो हळूहळू चढत जातो. आमच्या बाजूनं सरळ लाकडी पायऱ्या. फेब्रुवारीत वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाताना रडलेली बाई त्या पायऱ्या कठड्याला हात लावत चढून गेली. वर जाऊन बसली आणि म्हणाली, "या."

पायऱ्यांखालचा बोर्ड मी दोनदा वाचला. विषय गहन होता. मग गेलो.

वर दोघंच. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला दलदल, तिच्यात एक बगळा, आमच्याइतकाच निवांत. सर्जनचे, फिजिओवाल्या मुलीचे, उल्हासचे, त्या बर्फाचे — मनात सगळ्यांचे आभार मानले. इन्शुरन्स कंपनीचेसुद्धा, थोडेसे. आणखी काय मागायचं असतं माणसानं?

१८ मे, रविवार

माझ्या मोज्यावर टिक सापडला. आत जाता न आलेला. शोभनानं तो चिमट्यात धरून मला चष्मा लावून बघायला लावला. ते लागलं.

१९ मे, सोमवार

सकाळी चहा ओतताना, माझ्याकडे न बघता: "माझा गुडघा पहिल्या बाकानंतर दुखलाच नाही. पुढच्या सगळ्या बाकांवर मी तुमच्यासाठी बसले. आणि पायऱ्यांखालच्या बोर्डवर 'कुत्री आणू नयेत' एवढंच लिहिलं होतं. दोनदा काय वाचलंत?"

डॉक्टरबाईंकडे फोन तिनंच लावून माझ्या हातात दिला. गुरुवार मिळाला. ड्राइव्ह ती करणार.

पायऱ्यांवर छातीत दडपल्यासारखं झालं होतं. हे शनिवारी इथंसुद्धा लिहिलं नाही. ती आता चालायला लागली आहे. तिच्याबरोबर चालायला मी असेन की नाही, याची मला भीती वाटते.