लिव्हरच्या कडेचा तुकडा

मी, सोनूबाई काशीनाथ तांडेल, वय एकाहत्तर, मूळ गाव चौक, हल्ली मुक्काम खारी, भाईंदर पूर्व, शिक्षण चौथी (पाचवीत दोन महिने बसले, तेवढ्यात बोंबील वाळवायचा हंगाम आला), असे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीत आहे, मला कोणी पढवलेले नाही आणि दमदाटीही केलेली नाही. मला दमदाटी करणारा अजून जन्माला यायचा आहे. येत्या नऊ डिसेंबरला माझ्या लिव्हरमधली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, उठून बसाल. बसले तर बसले. नाही बसले तर माझ्यामागे भांडणे नकोत, म्हणून हा कागद. लिहिणारी माझी नात पूर्वी. तिने शुद्ध केलेली वाक्ये मी पुन्हा माझ्यासारखी करून घेतली आहेत.

कलम १. खारीचे घर माझा एकुलता मुलगा दगडू याला. सूनबाईंना स्वयंपाकघराची खिडकी बुजवून कपाट करायचे आहे. माझ्या माघारी खुशाल करावे. मग मासळीचा वास कोंडतो म्हणून माझ्या फोटोपुढे रडू नये.

कलम २. बँकेत जे काही आहे ते नात पूर्वी हिच्या शिक्षणाला. लग्नाला नव्हे. लग्नाला लागले तर बापाकडे मागावे.

कलम ३. माझा मासे कापायचा कोयता माझ्या जुन्या कामावरच्या डॉक्टर संचिता यांना द्यावा. त्या मासे खात नाहीत, हे मला माहीत आहे. भिंतीला टांगावा.

नवरा गेल्यावर चौक सोडून मी इथे आले आणि जवळच हाटकेश भागातल्या एका गाळ्यात लॅब होती, तिथे झाडूपोछाला लागले. चौदा वर्षे केले. औषध कंपन्या आपली नवी औषधे तिथे तपासायला पाठवत. पांढऱ्या उंदराचे लिव्हर काढून त्याच्या चकत्या करायचे. टिकलीएवढी गोल चकती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. यंत्र कापायचे, थंडगार पाण्यात बुडवून. मग एकेक चकती लहान वाटीत, वाट्या उबदार पेटीत, आत प्राणवायू, आणि पेटी सारखी हलत राहायची, झोळीतल्या पोरासारखी. उंदीर केव्हाच गेलेला, पण चकती दिवसभर जिवंत. तिला औषध पाजायचे. लिव्हर आपल्या पोटात जे करते तेच चकती वाटीत करते, औषध मोडते. मोडून काय तयार झाले ते बघायचे, आणि चकतीला अपाय झाला का तेही. दुखावलेल्या चकतीच्या अंगातले वाटीतल्या पाण्यात झिरपते, ते मोजले की कळते. हे मला कोणी शिकवले नाही. फरशी पुसणाऱ्या बाईसमोर लोक सगळे बोलतात.

संचिता नव्याने आल्या तेव्हा त्यांच्या चकत्या औषध घालायच्या आधीच मरायच्या. आठ दिवस हेच. साहेब बोलले, तेव्हा त्या जिन्यात बसून रडल्या. मी रोज बघत होते. पोरीला स्वच्छतेचे भारी वेड. चकत्या कापून झाल्या की बाटलीतल्या शुद्ध पाण्याने खळखळून धुवायची.

मी म्हटले, "अगं ए, गोड्या पाण्यात धुतेस होय? आमच्यात अशी सून आली तर सासू दुसऱ्या दिवशी माहेरी पोचवील."

"मावशी, याच्याइतकं शुद्ध पाणी नसतं. यात काहीच नाही."

"काहीच न्हाय, तेच तर सांगतेय. मासळी खाऱ्या पाण्यातली, खाऱ्यातच धुवायची. गोड्यात धुतली की पांढरी पडते, गिळगिळीत होते. घरात नळ असून आम्ही समुद्रावरनं हंडे आणायचो, ते काय हौस म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे बघितले आणि कपाळावर हात मारला. "पुस्तकात होतं हे, मावशी. मीठ. पुस्तकात होतं!" दुसऱ्या दिवसापासून चकत्या क्षाराच्या पाण्यात धुतल्या आणि त्या जगल्या. त्यानंतर मी काम सोडेपर्यंत पहिला चहा मला आणि दुसरा साहेबांना.

दुपारी सगळे जेवायला गेले की मी पेटीच्या काचेतून बघत बसायचे. वाट्या हलतात, चकत्या हलतात. चौकच्या खाडीत आमची होडी नांगरावर अशीच हलायची आणि काशीनाथ तिच्यात उताणा पडून गाणी म्हणायचा. आवाज भसाडा. तरी ऐकावेसे वाटायचे. हे त्याला कधी सांगितले नाही, नाहीतर अजून चार म्हटली असती.

कलम ४. हे कलम दगडूसाठी. उभ्याने वाचू नकोस, बस.

तुझा बाप दोन हजार सहा साली काविळीने गेला. डोळे हळदीसारखे, पोट फुगलेले, अकरा दिवसांत संपला. गाव म्हणाले, दारू. माझी नणंद शकू तर मयत अंगणात असतानाच म्हणाली, "माझ्या दादाला बाटलीनं खाल्ला." तू बापाचा फोटो भिंतीवर लावला नाहीस आणि दारूला शिवायचे नाही अशी शपथ घेतलीस. शपथ पाळलीस, ते चांगले केलेस.

तो प्यायचा, नाही कशाला म्हणू. नारळी पुनवेला प्यायचा आणि होडी भरून आली की प्यायचा. आमची होडी वर्षातून कितीदा भरून यायची ते तुला माहीत आहे. तेवढ्याने माणूस मरता तर अर्धा चौक ओस पडला असता.

त्याचे गुडघे गेले होते. होडीतून उतरताना म्हणायचा, "सोने, गुडघं न्हायत ही, गंजलेल्या बिजागऱ्या हायत." मग एक दिवस कुठून ऐकून आला देव जाणे, म्हणाला, बाजारात पुडीवाला बसतो, त्याची हिरव्या कागदातली पुडी आण. मी आणली. जडीबुटीची, दुधातून, सकाळ-संध्याकाळ. मीच कालवून द्यायचे. महिन्याभरात माणूस हलका झाला. शिमग्याला होळीभोवती नाचला, मलाही हाताला धरून ओढले, मी सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. चैत्रात गेला.

डॉक्टरांनी मला विचारले होते, काही औषध घेत होते का? मी नाही म्हणाले. दारू म्हटले तर दोष मेलेल्याचा होतो, पुडी म्हटले तर माझा. एकोणीस वर्षे शकू तेच बोलत राहिली आणि मी तिला बोलू दिले. लॅबमध्ये पहिल्यांदा औषधाने मेलेली चकती पाहिली तेव्हा ती हिरवी पुडी आठवली. तेव्हाही बोलले नाही.

या भाद्रपदात धुणे काढताना तुझ्या शर्टाच्या खिशात तोच हिरवा कागद निघाला. तू म्हणालास, "आई, गुडघ्यासाठी घेतोय. देशी हाय, काही अपाय न्हाय. आणि मी बाबांसारखा पीत न्हाय, माझ्या लिव्हरला काय धाड भरलीय?" मी कागद परत खिशात घातला आणि शर्ट खुंटीला टांगला. 

कलम ५. खिशातल्या चार पुड्यांपैकी तीन मी घेतल्या. हरवल्या म्हणून बायकोवर ओरडलास, त्याबद्दल तिची माफी माग. पुड्या घेऊन संचिताबाईंकडे गेले. त्या आता लॅबमध्ये मोठ्या साहेब झाल्या आहेत. त्यांनी उंदराच्या चकत्यांवर पुडी घालून बघितली. चकत्या ठणठणीत. मी म्हटले, "म्हणजे निर्दोष?"

त्या म्हणाल्या, "मावशी, उंदराचं लिव्हर काही औषधं आपल्यापेक्षा वेगळी मोडतं. उंदराला जे पचलं ते माणसाला पचेलच असं नाही. माणसाचा ताजा तुकडा मिळाला तर पुढचं बोलता येईल."

पंधरा दिवसांनी तपासणीत माझी गाठ सापडली. सगळ्यांनी तोंडे पाडली. मी मोठ्या डॉक्टरांना विचारले, गाठीबरोबर कडेचे चांगले मांसही कापता ना? म्हणाले, कापावे लागते. त्याचे काय करता? तपासणीला लागते तेवढे ठेवतो, बाकी फेकतो. मी म्हटले, ते बाकीचे मला हवे. रुग्णालयाच्या कमिटीचा परवानगीचा कागद आला, मी सही केली. दगडू, तू मात्र घर डोक्यावर घेतलेस. "आईच्या चकत्या करणार? लोक काय म्हणतील?" आणि म्हणालास, टेबलावर काही बरेवाईट झाले तर आईला अख्खी घेऊन जाईन, नखाएवढा तुकडा मागे सोडणार नाही. रुग्णालयवाले भांडणाला भितात. घरचे आडवे आले तर तुकडा पाठवणार नाही म्हणाले.

म्हणून शुद्धीत लिहिते. मी जगो की मरो, तो तुकडा कापल्याबरोबर थंड क्षाराच्या पाण्यात घालून हाटकेशला जावा. उशीर झाला की तो मेला. रडायचे ते नंतर. बाकीच्या मला चौकच्या स्मशानात जाळा.

चकत्या पुडीने मेल्या तर दगडूने पुडी सोडावी. जगल्या तर शकू एकोणीस वर्षे खरे बोलली असे मी समजेन, जिथे असेन तिथे. संचिताबाईंनी बजावले आहे की एका म्हातारीच्या तुकड्यावरून सगळ्या माणसांचे ठरत नाही, आणि इतक्या वर्षांपूर्वीच्या मरणाचे तर मुळीच नाही. ठीक आहे. तरी निकाल येईपर्यंत दगडूने पुडीला हात लावू नये. आणि बापाचा फोटो निकाल न बघता लावावा. प्यायचा, तरी बाप होता.

कलम ६. वकीलबाई म्हणाल्या, आजी, घराला अट घाला, तुकडा जाऊ दिला तरच घर. मी घातली नाही. घराच्या लोभाने ऐकणारा मुलगा मला नको.

कलम ७. साक्षीदार असा असावा ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असेही त्या म्हणाल्या. म्हणून शकूला बोलावले आहे. तिला मी काहीही देत नाही. दुसरे ह्युबर्ट, चौकला काशीनाथच्या शेजारी होडी लावायचे ते. दोघांना सगळे वाचून दाखवल्याशिवाय सही घेऊ नये. शकू मध्येच उठली तर दार लावावे.

सोनूबाई काशीनाथ तांडेल
(सही. अंगठा नव्हे.)

ठिकाण : खारी, भाईंदर पूर्व
दिनांक : २ डिसेंबर २०२५

आमच्यासमोर सोनूबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही :

१. ह्युबर्ट ग्रेशस, चौक (सही)

२. शकू पंढरीनाथ भोईर, चौक (सही)

पूर्वीनं सगळं वाचलं. मी उठली न्हाय. वहिनीला ठाऊक नसलेलं एक लिहिते. दादाला पहिली पुडी मी नेऊन दिलेली, तिच्या चोरून. बरं वाटलं म्हणून त्यानं पुढची तिला आणायला लावली. तुकडा लॅबला जाऊ दे. दगडू आडवा आला तर त्याला मी बघते.