मॉपवरचा सराव

झिपरे,

मी कामावर निघालो. रात्री घातलेली सैल वेणी सोडून बघ, टोकांना गुंता सापडला तर मिशी उतरवून देईन. टोकांवर तेलाचं बोट फिरव आणि खालून सोडवत सोडवत वर विंचरत जा. वरून कंगवा ओढायची अक्कल माझी, म्हणून तर परवा तू घर डोक्यावर घेतलंस. तेव्हापासून मी मॉप धुऊन त्याच्यावर सराव करतोय. हसू नकोस! आणि केस कापायचं खूळ सोड, कात्री मी डब्याच्या पिशवीत घेतलीय.

मावशीकडून आईचा फोन येईल. वेणी कुणी घातली ते ठासून सांग. मी तिची वाट बघतोय असं मात्र अजिबात सांगू नकोस.

बरं, सांग.

बाबा