खुरपं, वाकळा, काजूचं झाड आणि उपासना

सगळ्यांना जयभीम.

मी सुविधा समाधान कोलकार, वय २८, सातवी पास (आठवीत दोन महिने गेलते), राहणार हिंडलग्याच्या पुढं, आज मंगळवारी शेंगांच्या रानात फणसाखाली बसून माझं मृत्युपत्र लिहिते. माझं डोकं ठिकाणावर हाय. कुणी धाक घालून लिहून घेत न्हाय. उलट लिहू नको म्हणूनच सगळी ओरडत्यात. ह्याच्या आधी मी असला कागद कधी केला न्हाय, म्हणून चुकलं तर सांभाळून घ्यावं.

कारण असं, येत्या शुक्रवारी बेळगावात माझं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणाला, "ताई, तीन बारीक भोकं पाडतो, रविवारी घरी." मी म्हटलं, "डॉक्टर, घागरीला एक पडलं तरी पाणी ऱ्हात न्हाय." तो हसला. मी हसले न्हाय. भोकांचं मला भ्या न्हाय. भुलीचं हाय. झोपले आणि उठलेच न्हाय तर? घरी पहाटं मला उठवायला सासूबाईंना तीन हाका माराव्या लागत्यात.

खडा सापडला होळीला. तवा मिरची वाळत होती, म्हणून पुढं ढकललं. मग काजूच्या बिया. मग जयंती. मग सांडगं, कुरड्या. आता शेंगांचं वेल उपटून झालं, शेंगांची तोडणी तेवढी ऱ्हायली. ती उद्या संपती. मग मला काय कारण सांगता येत न्हाय.

कलम १. घर आणि दीड एकर रान सासऱ्यांच्या, म्हंजे देवाप्पा आप्पांच्या नावावर हाय. त्यात माझं काय न्हाय. माझ्या नावावर एक सिमकार्ड हाय. ते उपासनाच्या बाबाला, म्हंजे माझ्या नवऱ्याला द्यावं. गॅसचा, शाळेचा, रेशनचा, सगळा मेसेज त्यावर येतो. महिनाभर वाचला की घर कोण चालवतं ते त्याला कळंल.

कलम २. माझं खुरपं माझी थोरली जाऊ करुणाआक्का हिला. तीन सालं ती म्हणती, ते माझं हाय. खरं सांगायचं तर ते तिचंच हाय. मी मुठीला तांबडी चिंधी गुंडाळली आणि माझं केलं. पण आता मी देणार आणि तिनं घ्यायचं, एवढा मान मला द्यावा.

कलम ३. यंदाची चटणी डंकावरनं कुटून आणलीया, तीन बरण्या. एक माझ्या आईला सदलग्याला पोचवावी. उरलेल्या दोन सासूबाईंना, म्हंजे यल्लव्वा अव्वांना. अव्वा, मीठ कमी पडलंय. ते मी घातलं नव्हतं, तुम्हीच घातलेलं. चारचौघीत मी माझ्यावर घेतलं, कारण तुमच्या माहेरची माणसं जेवायला बसलीती. मेल्यावर तरी खरं कळावं म्हणून लिहिलं.

कलम ४. आमच्या गल्लीत पापड पैऱ्यानं होत्यात. आज सगळ्याजणी एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या. मी पाच घरी लाटून आले. माझी पाळी येत्या शनिवारी हाय. उडदाचं पीठ डब्यात तयार हाय, पापडखार वरच्या फळीवर. मी असले नसले तरी पाचजणींनी यायचंच. रडायचं असलं तर लाटून झाल्यावर रडा. डोळ्यातलं पाणी पिठात पडलं तर पापड खारट होतो आणि परत नाव माझंच येतं. वाळत घातल्यावर शेळीकडं बघायला आप्पांना बसवू नये, त्यांना झोप लागती. गेल्या साली शेळीनं सव्वीस खाल्लं आणि आप्पांनी तिलाच शिव्या दिल्या.

कलम ५. बांधावरचं तिसरं काजूचं झाड उपासनाला. ती झाली त्या पावसात मी लावलं, यंदा पयल्यांदा बी मोजण्यासारखं आलं. ती मोठी होईस्तवर बी गोळा करायचं काम अव्वांचं. हाताला खोबरेल लावूनच बसायचं, न्हायतर चिकानं कातडं सोलतं. बोंडं पोरांची. कपड्यावर डाग पडला म्हणून कुणी पोरांवर हात उचलायचा न्हाय.

कलम ६. वाकळा चार. एक आप्पांना, त्यांना थंडी लई वाजती. एक ओमकारला, करुणाआक्काच्या पोराला, पण त्यानं ती कुत्र्याखाली घालायची न्हाय. दोन उपासनाच्या बाबाला. त्यानं दुसरं लग्न करावं, माझी ना न्हाय. पण नव्या बाईला माझी वाकळ द्यायची न्हाय. तिनं तिची शिवावी. उन्हाळ्यात दुपारी येळ मिळतो, मला मिळाला तसा तिलाबी मिळंल.

हितपर्यंत लिहिलं आणि सगळी भाकरी खायला फणसाखाली आली. माझं थोरलं दीर यशपाल भावजी निपाणीला मास्तर हायत, सुट्टीला आल्यात. त्यांनी कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला. म्हणाले, "पुढं जे झालं तेबी खरं खरं लिही." म्हणून लिहिते.

वाचताना उपासनाच्या बाबाला ठसका लागला. "दुसरं लग्न कुणाला करायचंय गं?"

"ना न्हाय म्हटलंय. कर असं म्हटलं न्हाय," मी म्हटलं.

अव्वा म्हणाल्या, "मिठाचं ते काढ की."

"ऱ्हाऊ दे अव्वा. कायद्याचं हाय."

भावजींनी विचारलं, "साक्षीदार कोण?"

"अव्वा आणि करुणाआक्का."

"ज्याला काय मिळतंय त्याची साक्ष घेऊ नये. मागनं भानगडी होत्यात."

करुणाआक्काला ते पटलं न्हाय, पण अव्वांना झटक्यात समजलं. शेंगा वाटून घेताना आमच्यात जी ढीग घालती, तिनं सगळ्यात शेवटी उचलायचं असतं. म्हंजे ढीग सारखं पडत्यात. "तसंच हे," अव्वा म्हणाल्या. "साक्षीला बसणाऱ्यानं ढिगाला हात लावायचा न्हाय."

आता आली का पंचाईत. भावजींजवळ कागद ठेवायचा, म्हणून ते साक्षीला नकोत, आणि बाकी कुणाला मी सोडलंच नव्हतं. बघावं तिकडं माझं वारस भाकरी खात बसलेलं.

"मग माझं खुरपं खोड," करुणाआक्का म्हणाली.

"का? नको तुला?"

"माझंच मला कशाला देतीस? खोड ते. मी सही करते."

खोडलं. (कलम २ रद्द. खुरपं आधीपासनं करुणाआक्काचं, हे मान्य.)

दुसऱ्या सहीसाठी शेजारच्या रानातनं मष्णूमामाला हाक मारली. तो आला, कागद उलटासुलटा बघितला. "मला काय ठेवलीस?"

"काय न्हाय मामा."

"मग सही कशाला करू?"

"काय न्हाय म्हणूनच."

"असला मान मला सगळीकडंच मिळतो बघ," म्हणाला आणि पेन घेतला.

तवा भावजी हळूच म्हणाले, "आणि उपासना कुणाजवळ ऱ्हाणार, ते लिहिलंस?"

सकाळधरनं तेवढंच सोडून बाकी सगळं लिहीत होते.

अव्वा म्हणाल्या, "ती माझ्याजवळ."

"तुमचं गुडघं चालत्यात व्हय तिच्यामागं? माझ्याजवळ, ओमकारसंगं वाढंल," करुणाआक्का म्हणाली.

"मी बसलोय न्हवं हितं जित्ता?" उपासनाचा बाबा.

उपासना शेंगा फोडत बसलीती. सहा वर्षांची हाय. तिनं विचारलं, "आई, मी कुणाच्या ढिगात?"

मी कागद-पेन घेऊन जरा बाजूला बांधावर जाऊन बसले.

कलम ७. उपासना. आधी अव्वांचं नाव लिहिलं आणि खोडलं. त्या गूळ देऊन देऊन तिचं दात किडवतील. मग करुणाआक्काचं लिहिलं, खोडलं. ती वेणी एवढी ताणून घालती की पोरीचं डोळं बारीक होत्यात. मग तिच्या बाबाचं लिहिलं. त्याला वेणीच येत न्हाय. तेबी खोडलं. तिघंबी जीव लावतील, ते मला ठाऊक हाय. तरी हात पुढं जाईना.

म्हणून आता पक्कं लिहिते. उपासना मी कुणाला दिली न्हाय. ती ह्या कागदात धरायची न्हाय. शुक्रवार, शनिवार आणि रविवारची दुपार, एवढंच तिघांनी मिळून तिला बघायचं. वेणी सैल घालायची. रातच्याला ती पाय अंगावर टाकती, टाकू द्यायचा. रविवारी दुपारनं पुढं मी बघते.

मला भ्या वाटतंय ते वाटतंयच, कागद लिहून कमी झालं न्हाय. पण शुक्रवारी मी जाणार. सकाळी सहाची बस. कुणी परत विचारू नये.

हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आणि साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही केली. कागद भावजींजवळ ठेवायचा. मी आल्यावर मलाच परत द्यायचा, चूल पेटवायला कामाला येतो.

स्थळ : शेंगांचं रान, हिंडलग्याच्या पुढं, जि. बेळगाव
तारीख : ६ मे २०२५, मंगळवार, दुपारी अडीच

सही : सुविधा समाधान कोलकार

साक्षीदार
१. करुणा यशपाल कोलकार
२. मष्णू (आडनाव लिहायला जागा पुरली न्हाय, बोटाचा ठसाबी दिलाय)