नमुन्याच्या पाण्यातली डाळ

राहू (ता. दौंड), रविवार, ९ मार्च २००३

आज आईनं शिजवलेली डाळ मी उकिरड्यावर ओतली.

चूक माझीच. दौंडला सांडपाण्याच्या प्लँटवर आम्ही करवंटीच्या कोळशातून पाणी गाळून बघतोय. काल ते इतकं नितळ आलं की एक बाटली आईला दाखवायला घरी आणली. औषधांचे, फवारणीचे अंश कोळशानं धरले का, ते पुण्याहून रिपोर्ट आल्यावरच कळेल. एवढं तिला सांगायचं राहिलं. नुसतं म्हणालो, "बघ, नदीसारखं."

नदीसारखं! कशाला बोललो?

आमच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही. मी लहान असताना आई डाळीपुरती एक कळशी नदीवरून आणायची. नदीला पुण्याची घाण यायला लागली, तशी कळशी माळ्यावर गेली. आज तिनं ती काढली, चिंचेनं घासली, माझी बाटली तीत ओतली आणि त्या पाण्यात डाळ शिजवली.

"बघ की, कशी मऊ झालीया!"

दाणा बोटांत धरला. लोण्यासारखा चिरडला. तसाच, तेव्हासारखा.

"आई, हे पाणी अजून पोटात घ्यायचं नाही."

"मंग साफ केलं म्हंजी काय केलं रं?"

पातेलं उचललं. तिनं दुसरी डाळ धुवायला घेतली.

आता बोअरच्या पाण्यातली डाळ चुलीवर आहे. दाणा फुटत नाही. जेवायच्या आधी हात धू म्हणून आईनं दोनदा सांगितलं. बोटांना त्या डाळीचा वास आहे अजून. मी लिहीत बसलोय.