मायचा पाय अन भाऊचा नवस

ता. १२ जानेवारी १९५९, माजरी

अन वरून भाऊ मले म्हणते, खाणीत जाऊन तू देव सोडला. सोडला असन. पण नागपूरच्या डॉक्टरनं मायच्या मोडलेल्या खुब्यात धातूचा गोळा बसवला तो चालायसाठी, का खाटेवर मिरवायसाठी? मी तिथीच उभा होतो. डॉक्टर म्हणाला, रोज उठवा, पाय हलवा, पडून राह्यली तर पायात रक्त गोठन. भाऊनं मान हलवली. घरी नेल्यावर नवस सांगतला. पहिलं पाऊल मार्कंड्याच्या देवळाच्या पायरीवर, शिवरात्रीच्या जत्रेत. तोवर जमिनीले पाय नाई. अन दवाखान्यात नर्सनं चालवलं ते? तर म्हणे ती फरशी, जमीन नाई.

ता. १९

भाऊचं कार्ड. "मायची सेवा आमी करतो, तू कोळसा खोद."

खोदूनच राह्यलो. उत्तर दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा टाकलं. शिव्या दोनच ठेवल्या.

ता. २५, रविवार

खाणीच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरले, रहीमभाईले विचारलं. तर तोच मले विचारत बसला. वय? साठीच्या वर. अंगानं जाड? हो. पहिले कधी पाय सुजला? सुजला होता, माझ्या वेळच्या बाळंतपणात, आत्या सांगे. पाणी पिते? ते ठाऊक नाई.

"एखादी गोष्ट चालून जाते बेटा. इथी तर सगळ्या एकाच बाईले, अन वरून पडून. पायातली गुठळी सुटली, छातीत गेली, का मानूस बोलता बोलता खतम."

मी म्हटलं, नवस आहे.

"कोन बोलला? तिनं?"

भावानं.

"मग खाटेवर त्याले निजव ना!"

ता. ३ फेब्रु.

आमच्या गावचा डोमा खाणीतला राह्यलेला पगार घ्यायले आला, सकाळी परत जाते. म्हणे माय मजेत. वयनी हात धुवायलेबी ताटावरच पाणी देते. फक्त माय प्यायचं पाणी पीत नाई. म्हणते, "प्याली का उचलून बाहेर न्या लागते. सून एकटी. मले लाज वाटते."

मग उठता उठता म्हणाला, गोळा बसवला त्याच पायाची पोटरी फुगली. गरम लागते. भाऊ रोज तेल लावून रगडून देते, चांगली दाबून.

तसाच पळत रहीमभाईकडे. तो ओरडलाच, "हात नका लावू तिले! चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. आजच्या आज."

आजच्या आज. मधात जंगल, नदी अन माझा भाऊ.

ता. ४, सकाळ

भाऊ म्हणन नवस मोडते. मग मोडू नको. देव काय जत्रेलेच घरी राह्यते? चांद्याच्या वाटेवरच आहे मार्कंडा. बैलाच्या दमणीत निजवून ने, दोघं धरा, पायरीले पाऊल टेकव, तशीच पुढे. जत्रेआधी गेल्याचं पाप माझ्या नावानं सांग. देवाले म्हण, धाकटा माजरीत आहे, त्याले धर.

हे सगळं डोमाकडून तीनदा वदवून घेतलं. रगडणं बंद, हे पहिले सांग म्हटलं. अन मायले सांग, पाणी पे, लाज गेली खड्ड्यात.

रविवारी मी चांद्याच्या दवाखान्यात जाऊन बसतो. ते आले तर आले. नाई आले तर तिथूनच गावाले, खाण राह्यली तिच्या घरी.

डोमा दारात उभा, मोटर चुकन म्हणते. दमणीचे, नदीवरच्या डोंग्याचे, मोटरचे, डॉक्टरचे मिळून त्याच्या हाती पाठवतो, एकतीस रुपये.