आत गेलेली पावलं

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे. सोळा खोकी, दोन पंखे, एक शिवणयंत्र (मी ते कधीच चालवत नाही, पण टाकवतही नाही) आणि खारू. खारू म्हणजे माझी साडेसहा वर्षांची लेक. गालात घास साठवून बसते म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं नाव. बाबा जहाजावर, अजून तीन महिने येत नाही. ताईने फोनवर ऐकवलंच, की पोर आणि नोकरी दोन्ही एकटीने सांभाळताना तुझ्या नाकी नऊ येतील. मी म्हटलं, येऊ देत. पोरीच्या केसालाही धक्का न लागू देता हे काम करून दाखवते.

कामच तसं आहे. बावीस एकर जागा, रंगाचा जुना कारखाना, तीस वर्षं बंद. तिथे वस्ती उभी करायची. खाली दुकानं, वर घरं, जवळच शाळा, दवाखाना, बाग. दुधाच्या पिशवीसाठी कुणाला गाडी काढावी लागू नये, पावसाचं पाणी तिथल्या तिथे मुरावं, जुन्या भिंतींच्या विटा वाया जाऊ नयेत. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या आराखड्यांत झाडांचे गोल काढले. हा आराखडा माझा आहे. कारखान्याच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे दोन खोल्या मिळाल्यात. खारूची शाळा बारापर्यंत, नंतर ती माझ्याबरोबर साइटवर.

गुरुवार, ६

मुकादम मला खुळी समजतो. आज त्याच्याकडून चाळीस गोण्या फक्की पसरून घेतली. खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती पांढरी पूड. रंगाने नासलेली वरची माती काढून नवी टाकलीय, त्यामुळे जमीन कोरी आहे. तिच्यावर फक्की टाकायची, कुणाला काही सांगायचं नाही, आणि माणसं आपसूक कुठून चालतात ते चार दिवसांनी पाण्याच्या टाकीवर चढून बघायचं. पावलं पडली तिथेच वाट करायची. माझं सगळं काम या एका गोष्टीवर चालतं. कागदावर कितीही देखणे रस्ते काढा, माणूस गवत तुडवून तिरपाच जातो. काखेत कळसा असताना लोकांना गावाला वळसा घालायला लावणारे आम्हीच, तेव्हा शिव्या खातो ते बरोबरच आहे.

खारूने फक्कीत हात घालून स्वतःच्या नाकाला फासली आणि दिवसभर तशीच हिंडली. संध्याकाळी पाय धुताना पाणी दुधासारखं झालं.

मंगळवार, ११

टाकीवर चढले. काय दिसलं म्हणून सांगू. पाच बाजूंनी पाच वाटा आल्यात आणि पूर्वेच्या मोकळ्या जागी बरोबर एका ठिकाणी मिळाल्यात. पट्टी धरून आखाव्यात तशा. पाच वाटा जुळतात तिथे पाळणाघर, दुसरं काय. कामाला जाता जाता मूल सोडा, येता येता उचला. कंपनीच्या साहेबांना फोटो पाठवले आणि त्यांचा होकार दोन मिनिटांत आला. हा माणूस एरवी चहा हवा का याचंही उत्तर उद्या देतो.

मला एक खोड आहे. आखलेल्या जागी आधी आपण बसून बघायचं. ऑफिसचा कंटेनर क्रेनने उचलून तिथे ठेवून घेतला. एका कोपऱ्यात खारूची सतरंजी, खडू, ठोकळे. म्हटलं, पाळणाघराचा मुहूर्त आपल्याच पोरीने करावा.

बुधवार, १२

फोटो मोठे करून बघितले. पावलं अनवाणी आहेत. मुकादम तर बुटांशिवाय कुणाला आत फिरकू देत नाही. लहान, रुंद पावलं, बायकांची. बोटं खोल रुतलेली, टाच जेमतेम टेकलेली, धावताना पडतात तशी. आणि सगळी आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही.

मुकादम म्हणाला, साइटवरच्या बायका असतील. साइटवर बायका दोनच, मी आणि जमिनीची मोजणीवाली. मी हसण्यावारी नेलं, पण जेवण काही गेलं नाही.

शुक्रवार, १४

काल फक्की नव्याने पसरून घेतली. आज दुपारी दोनला कंटेनरच्या दारात उभी होते. रणरणतं ऊन, वारा नाही, मैदानावर चिटपाखरू नाही.

पावलं पडायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत. आवाज नाही, माणूस नाही, फक्की नुसती दबत जाते. पाची बाजूंनी. धावत आली आणि माझ्यापासून हातभरावर थांबली. मागे खारू ठोकळे रचत होती. तिने मान वर करून विचारलं, की या सगळ्या काकू कुणाला न्यायला आल्यात.

शनिवार, १५

म्हातारा पहारेकरी चाळीस वर्षं याच फाटकावर आहे. त्याला गाठलं. आधी टाळाटाळ केली, मग हातातला चहा खाली ठेवून सांगितलं. पूर्वेला पाळणाघरच होतं. कामगार बायकांची पोरं तिथे असायची. एका दुपारी दोनला शेजारच्या गोदामात थिनरने पेट घेतला आणि आग पाळणाघराला लागली. पाच शेडमधून पाच वाटांनी बायका धावल्या. अडवलं तरी ऐकेनात. सगळ्या आत गेल्या आणि वरून छप्पर आलं.

पुढचं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. एका पोराचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. बाकीच्यांना आपापली पोरं मिळाली असतील, पण जिचं मिळालं नाही तिला मागे टाकून त्या निघणार नाहीत. एक पोर कमी आहे, म्हणून रोज शोधायला येतात. आणि तुम्ही नेमकं तिथे पोर आणून बसवलंत, म्हणाला.

आधी का नाही बोललास म्हणून मी त्याच्यावर तडकले. तो म्हणाला, नकाशे आणलेल्या माणसांना पहारेकरी काय सांगणार.

ताई म्हणते, आजच्या आज निघ. सोमवारी साहेब मंजुरीच्या अधिकाऱ्यांना घेऊन येणार आहेत. ते झालं की त्याच संध्याकाळी निघू. तोवर खारू फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही.

रविवार, १६

दिवसभर घरात. कडी लावून. दोनला खारू खेळता खेळता उठली आणि दाराशी गेली. काकू हाक मारतात, म्हणाली. तिला पोटाशी घट्ट धरून बसले. तीन वाजून गेल्यावर दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर फरशीवर पांढरे ठसे.

रस्ता ओलांडून आल्या.

आत्ताच निघायला हवं. कळतंय मला. पण फक्त उद्याची दुपार — पंधरा वर्षं —

सोमवार, १७

मोजणीवाली घरी खारूपाशी बसलीय. तिला बजावलंय, क्षणभरही नजर काढू नकोस. एक तास. फक्त एकच तास.

२.०५ — मोजणीवालीचा फोन. पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात. दार उघडं. चपला जागेवर. खारू नाही.

२.२० — कंटेनरपाशी. इथे नाही. पावलं आहेत. पण आज बाहेर जाणारी. पहिल्यांदाच. धावत नाहीत, चालतात. टाचा खोल. कडेवर पोर असल्यासारख्या —

साहेब पोलिसांना फोन करताहेत. मी लिहितेय. हात थांबला तर मी कोसळेन.

२.३५ — फक्की संपली तिथे माग संपला. गोणी फोडली. मुठी भरभरून पुढे फेकतेय. एक पाऊल. आणखी एक. आहेत. इथेच आहेत.

ओरडले. ती माझी आहे म्हटलं. पाया पडते, द्या म्हटलं.

थांबल्या. वळल्या. बोटं माझ्याकडे.

आणि खाली लहान पाय — अनवाणी — कडेवरून उतरवल्यासारखे. एक जोडी. तीन. सात. अजून. सगळे एवढेएवढेसे. खारूचे पाय मी रोज धुते. रोज. यातले तिचे कुठले — मला ओळखता येत नाही — आई असून मला —

हाक मारली. सगळेच पाय पुढे आले.

हात पुढे केला. डाव्या हातात एक हात आला. दिसत काही नाही. इवलासा. घट्ट धरलाय. ऊन आहे, ताप भरल्यासारखा — नाही, जास्त — भाजतंय —

साहेब मागे ओढताहेत. सोडा म्हणतात. कातडी सोलवटली माझी — कसा सोडू — हा तिचाच असला त