घड्याळजीचा ट्रक

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात कंबर धरते). तुझा खोकला कसा आहे? भावोजींचं घोरणं कमी झालं का? आम्ही इकडे मजेत. ‘घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला एवढा मोठा पिकअप ट्रक कशाला?’ असं तू फोनवर खवचटपणे विचारलंस, त्याचं उत्तर सविस्तर द्यावं म्हणून हे पत्र.

अगं, लागतो! माणसानं अडीअडचणीचा विचार करावा. उद्या कुणी मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्तीला आणलं तर? सहा महिन्यांत आणलं नाही, हे मान्य. धंद्यापायी आजवर मागच्या हौद्यातून एकच वस्तू नेली, ती म्हणजे गजराचं घड्याळ. पहिल्याच वळणाला ते गडगडत पार कोपऱ्यात गेलं. भर चौकात मी हौद्यात रांगत ते शोधत होतो, तेवढ्यात ते वाजायला लागलं आणि मागच्या बसमधल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. ट्रक मागे घेताना धक्का म्हणशील तर एकाच पाटीला लागला. (माझ्याच दुकानाच्या. त्यामुळे भांडण झालं नाही.)

शेजारपाजारी मात्र माझा भाव भलताच वधारलाय. पूर्वी नुसती मान हलवणारा शिंपी आता ‘दादा, दादा’ करतो. एका रविवारी त्याचं कपाट, पुढच्या रविवारी दाताच्या डॉक्टरीणबाईंची खुर्ची, मग त्यांच्या नणंदेचा फ्रीज. गंमत म्हणजे ज्याला खरी गरज, तो आमचा गवंडी सिमेंटचं पोतं स्कूटरवर पुढ्यात घेऊन जातो आणि वर मलाच विचारतो, ‘काय, आज रिकामाच का ट्रक?’

एकच गोष्ट मनाला लागलीये. आई गेल्यापासून बाबा रविवारच्या फेरफटक्यापुरतेच काय ते घराबाहेर पडायचे. पुलापर्यंत जायचं, माझ्या जुन्या गाडीत बसूनच नदी बघायची, परत यायचं. ट्रक आल्यावर जेमतेम दोनदा आले आणि मग तेही बंद झालं. ‘गुडघे साथ देत नाहीत, एवढ्या उंच कोण चढणार?’ म्हणतात. मी स्टूल आणलं, शिडी आणली. दोन्हींकडे बघतात आणि पेपर उघडतात. ताई, फार वाईट वाटतं गं. पण म्हणून ट्रक घेतला ते चुकलं, असं काही नाही. ट्रक उत्तमच आहे.

तुझा (आणि अजिबात हट्टी नसलेला)
भाऊ

ता. क. : तुझी ती छोटी गाडी मला देऊन माझा ट्रक घेशील का? भावोजी उंच आहेत, त्यांना शोभेल. येत्या रविवारच्या आत जमव. केवळ बाबांच्या गुडघ्यांसाठी म्हणतोय.

आणखी एक ता. क. (हस्ताक्षर माझं, म्हणजे बाबांचं. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं.) : पोरी, माझे गुडघे ठणठणीत आहेत. त्या ट्रकमध्ये दोनदा बसलो. दोन्ही वेळा वाटेत कुणीतरी हात केला, आणि पूल राहिला बाजूला, आम्ही लोकांचं सामान वाहत बसलो. याला ‘नाही’ म्हणता येत नाही. तुझी गाडी पाठवच. तिच्यात आम्ही दोघं सोडून काही मावत नाही.